शनिवारची पेटी

बोरसे सरांसमोर एखाद्या चित्राला 'छान' म्हणायची सोय नव्हती. ते लगेच चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "छान म्हणजे? काय दिसलं तुम्हाला?" बहुतेकांना काहीच दिसलेलं नसायचं. मग माणूस 'रंग चांगले आहेत' असं काहीतरी पुटपुटून काढता पाय घ्यायचा आणि सर मागून ऐकवायचे, "पाहायचा कंटाळा आला की लोक छान म्हणतात." मी पारोळ्याच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात हा प्रसाद मला मिळाला. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, की शाळेत एक फार आगाऊ चित्रकला शिक्षक आहेत. पुढची अकरा वर्षं मी त्याच माणसाशेजारी बसून डबा खाल्ला.

सर धुळ्याहून रोज एसटीने यायचे. उंच, जरासे वाकलेले, कानावर पेन्सिलीचा बोटभर तुकडा आणि शर्टाचा खिसा कायम काळा झालेला. डब्यात बहुतेक दिवस कळण्याची भाकरी आणि ठेचा. डबा उघडला की आधी मिनिटभर ते नुसतं बघत बसायचे. भाकरीचा काळपट जांभळा, ठेच्याचा हिरवा, मध्ये लसणाचा पांढरा. आमचं निम्मं जेवण होईपर्यंत ह्यांचं बघणंच चाललेलं. मी एकदा म्हटलं, "घरी तरी वहिनींना छान झालंय म्हणता की नाही?"

"घरी म्हणतो," सर म्हणाले. "घरी जेवायचं असतं ना, मॅडम."

त्यांच्या टेबलाच्या खणात जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा असायचा. पाठकोऱ्या बाजूवर रोज सकाळी, पहिली घंटा व्हायच्या आधी, ते एक चित्र काढायचे. रोज एकच. स्वतःच्या उजव्या हाताचं. उजवा हात टेबलावर पालथा ठेवायचा आणि डाव्या हाताने तो काढायचा. डाव्याच्या रेघा थरथरत्या, बोटं कधी सहा दिसायची, कधी नुसता लाकडाचा ओंडका. एवढा चांगला चित्रकार रोज असलं वेडंवाकडं का काढतो, हे मला समजेना. दोन वर्षांनी त्यांनी आपण होऊन सांगितलं.

नोकरीच्या सुरुवातीला ते धुळ्यातल्या एका शाळेत होते. तापट म्हणून प्रसिद्ध. एका वर्गाला 'माझे घर' विषय दिला. सगळ्यांनी डोंगर, नदी, कौलारू घर काढलं. एका मुलाने कोरा कागद दिला. सरांनी विचारलं, घर कुठे आहे? मुलगा बोलेना. सरांना वाटलं, माजलाय. ठेवून दिली कानाखाली. मुलगा तरी बोलला नाही, दप्तर घेऊन निघून गेला आणि परत आला नाही. आठ दिवसांनी कळलं, की रस्ता रुंद करताना त्यांची ओळीतली सगळी घरं पाडली होती. मुलाने बरोबर चित्र काढलं होतं.

"पुरं चित्र व्हतं ते," सर म्हणाले. मनाला लागलेलं असलं की त्यांच्या बोलण्यात गाव यायचं. "मला वाचता आलं नाही. तेव्हापासून ह्या हाताकडे रोज बघतो. सुधरला का नाही ते."

"सुधरला का मग?"

"मारत नाही आता. सुधरला का, ते अजून दिसत नाही."

शनिवारचा शेवटचा तास त्यातूनच निघाला. आठवी-नववीच्या मुलांना कागद वाटायचा आणि सांगायचं, आज तुमच्या आत काय आहे ते काढा. नाव लिहायचं नाही. मार्क नाहीत. झालं की चार घड्या घालायच्या आणि पेटीत टाकायचा. पेटी म्हणजे लग्नात देतात तसली पत्र्याची हिरवी ट्रंक. सर झाकण उघडून धरायचे आणि डोळे गच्च मिटून घ्यायचे. मुलांना त्याची फार गंमत वाटायची. कुणी विचारलं, "सर, तुम्ही खरंच नही दखतस का?" तर म्हणायचे, "नही रे भो. ते तुनं शे. तू काढं म्हणजे तू दखं. बस." कुलूप लावून किल्ली एका दोऱ्यात ओवून गळ्यात. वर्ष संपलं की ज्याने त्याने आपापले कागद घेऊन जायचे.

मी हसायचे आधी. नंतर मीही शनिवारी त्या वर्गात मागच्या बाकावर बसून कागद घेऊ लागले. मला चित्र येत नाही. पण सासूबाईंवरचा राग मी एकदा नुसता तांबडा गिरगिटून काढला आणि घड्या घालताना माझ्या लक्षात आलं, की हा राग सासूबाईंवरचा नाही. तो नवऱ्यावरचा होता आणि मी त्याला कधी दाखवला नव्हता. घरी गेल्यावर मी पहिल्यांदा त्याच्याशी भांडले, आणि आमचं बरं चाललं. हे सरांना सांगितलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, "छान." मी म्हटलं, काय दिसलं तुम्हाला? तर खो खो हसले. त्यांना हसताना पाहिल्याचे प्रसंग मी बोटांवर मोजू शकते.

मग एका वर्षी आमच्या शाळेत जळगावहून व्यक्तिमत्त्व विकासाचे एक व्याख्याते आले. प्रोजेक्टर, कॉलरला माइक, सगळा जामानिमा. सगळ्या शिक्षकांना रंगीत खडू वाटून त्यांनी सांगितलं, की आता डोळे मिटा, आपल्या आतल्या माणसाला भेटा आणि त्याचं चित्र काढा. दीड तासात तुम्ही नवीन माणूस होऊन बाहेर पडाल. खेळाचे शिक्षक डोळे मिटून झोपले. सरांनी हात वर केला.

"मला बत्तीस वर्षं झाली. अजून हातच चालू आहे. तुमचं दीड तासात कसं बसतं?"

सभागृह हसलं. व्याख्याते हुशार होते, त्यांनी सरांना बोलतं केलं, पेटीची हकीकत काढून घेतली आणि हेडसरांना म्हणाले, "अहो, तुमच्याकडे सोनं आहे. जिल्ह्याच्या उपक्रम स्पर्धेत पाठवा हे." तिथे घात झाला. हेडसर वाईट माणूस नाहीत. पण शाळेत झाड लावलं तरी खड्ड्यात रोपाआधी मोबाइल जातो, फोटो काढायला. ग्रुपवर फोटो पडला नाही तर ती गोष्ट झालीच नाही, अशी आमची सगळ्यांचीच समजूत आहे. त्यांनी सरांकडे पाच चित्रांचे फोटो मागितले. सर म्हणाले, पेटीचा फोटो काढा. झाकण लावून.

हे चालू असतानाच सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. धुळ्याला करायचं होतं, तीन आठवडे सुट्टी. जायच्या दिवशी त्यांनी गळ्यातला दोरा काढून माझ्या हातात दिला. "शनिवार चुकवू नका, मॅडम. पेटी तुम्ही धरा. डोळे मिटून."

मी दोन शनिवार डोळे मिटून पेटी धरली. तिसऱ्या आठवड्यात हेडसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सोमवारी अहवाल जायचाय, तुमच्यासारखं मराठी कुणाचं नाही, पाचच तर चित्रं हवीत, नावं कुठे आहेत त्यांवर. मी नाही म्हटलं का? म्हटलं. एकदा. मग त्यांनी अहवालावर माझंही नाव घालायचं म्हटल्यावर मी गप्प बसले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण सरांच्याच शाळेतली मी, हे तरी नीट काढायला हवं.

चित्रकलेच्या खोलीत दुपारी बसून मी ती पेटी उघडली. पंधरा-वीस कागद पाहिले असतील. बरेचसे फुलं-डोंगरांचेच होते. मग एका घडीतून आखाजी निघाली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. ते सगळं त्यात होतं. निंब, तीन झोके, दोन पोरी उंच गेलेल्या, पाय आभाळात. तिसऱ्या झोक्यावरची मात्र जमिनीवर पाय टेकून बसलेली. अंगात आमच्या शाळेचा निळा ड्रेस आणि पांढरी ओढणी. हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, गळ्यात काळे मणी. आणि वर फांदीला शाळेची बॅग टांगलेली. बॅगेची चेन तुटलेली, तिला तीन सेफ्टी पिना लावलेल्या.

ती बॅग माझ्या ओळखीची होती. नववी ब, पहिला बाक, कोमल. वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर ती बॅग होती. ड्रेस शाळेचा आणि गळ्यात मणी, हे मी पाहिलं. त्याचा अर्थ कळला नाही, असंही मी म्हणणार नाही. मला वाटलं, अहवाल जाऊ दे, मग पोरीला बाजूला घेऊन विचारू. आणि कागद खिडकीच्या उजेडात धरून मी फोटो काढला. खाली ओळ लिहिली, 'आखाजी या पारंपरिक सणाचा आनंद विद्यार्थिनीने तरल रंगांत टिपला आहे.' माझ्यासारखं मराठी खरंच कुणाचं नाही.

चित्राला पहिला नंबर मिळाला. हेडसरांनी वर्गात विचारलं, कुणाचं आहे? कोमल सावकाश उभी राहिली. जळगावच्या सभागृहात तिला प्रमाणपत्र आणि पेनांचा सेट मिळाला. शिक्षणाधिकारी साहेब म्हणाले, खानदेशची संस्कृती ह्या मुलांनीच जपली आहे. पाहुणे एकेक करून चित्रापुढे उभे राहिले आणि 'छान' म्हणून पुढे गेले. कोमल बाजूला उभी होती, येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत. तिचे वडील टाळ्या वाजवून दमले होते. मला म्हणाले, "पोर हुशार शे, मॅडम. आखाजीले घर कार्य शे. तुम्ही बठ्ठा जन येवा बरं."

"कोणाचं कार्य?" असं मी विचारलं नाही. मी म्हटलं, "हो, येऊ."

मला विचारायचं नव्हतं, म्हणून मी विचारलं नाही. एक फोन करता आला असता, कुणालाही. पंधरा वर्षांच्या पोरीचं लग्न थांबवायला कायदा आहे आणि तो मी नववीच्या मुलींना दर वर्षी समजावून सांगते. पण पोरीला जळगावला घेऊन मीच गेले होते, अहवालावर नाव माझं होतं, पेटी मी उघडली होती. फोन केला असता तर हे सगळं सांगावं लागलं असतं. आखाजीला हेडसर आणि आम्ही चार जण लग्नाला गेलो. आहेर केला. पंगतीत बसून मी जेवले. कोमलने मला वाकून नमस्कार केला तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

सर कुठे होते? सर त्याआधीच, फेब्रुवारीत, काळा चष्मा लावून परत आले होते. पेटी उघडल्याचं त्यांना कुणीतरी फाटकातच सांगितलं. मी किल्ली पुढे केली तर त्यांनी ती घेतली आणि दोऱ्यातून काढून खिशात टाकली, गळ्यात घातली नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. डबा मात्र ते दुसऱ्या टेबलावर खाऊ लागले, त्यामुळे कार्याचं आमंत्रणही त्यांच्या कानावर गेलं नाही.

चित्र मोठ्या काचेत घालून हेडसरांनी व्हरांड्यात लावलं होतं, पाण्याच्या टाकीजवळ. सर दिवसातून चार वेळा तिथून जायचे आणि प्रत्येक वेळी मान खाली घालायचे. शिपाई म्हणाला, "आबा, एक डाव दखी तं ल्या. पहिला नंबर उना." सर म्हणाले, "न इचारता काढेल शे ते. मी दखाव नही." हट्टी माणूस. मुलांना शब्द दिला होता ना, मग तो पाळायचा. आम्ही शंभर जणांनी ते चित्र पाहिलं आणि काही पाहिलं नाही. ज्याला एका नजरेत ते वाचता आलं असतं, तो मान खाली घालून पुढून जात राहिला. आखाजी होईपर्यंत.

जूनमध्ये दहावीच्या वर्गात हजेरी घेताना सर कोमलच्या नावाशी थांबले. मागून एक मुलगी म्हणाली, "तिनं लगन झायं, सर. आखाजीले. साक्रीकडे दिधी." पोरं हसली. त्या दिवशी सर व्हरांड्यात त्या चित्रापुढे जाऊन उभे राहिले. शाळा सुटली, घंटा झाली, पोरं त्यांच्या दोन्ही बाजूंनी ओसंडून गेली, तरी ते तिथेच होते. मी शिक्षकखोलीच्या दारातून बघत होते. चष्मा कपाळावर नव्हता, नीट डोळ्यांवर होता.

पुढच्या रविवारी ते साक्रीला गेले. पत्ता काढत काढत बाजारात गाठलं तिला. सोमवारी ते कितीतरी दिवसांनी माझ्या टेबलाशी येऊन बसले. डबा उघडला, पण बघत बसले नाहीत. झाकण हातात धरून म्हणाले, "भेटली. सासूसंगे व्हती. भाजी घेत होती."

"काय म्हणाली?"

सरांनी तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "सर, मी तं चित्रमा सांगेल व्हतं. आम्हले बठ्ठास्ले वाटे, तुम्ही डोया मिचतस पन नंतर चोरीसन दखतस. पहिला नंबर उना ना, तवय माले वाटनं, आते सर येतीन."

डोळे मिटणारे सर नंतर चोरून बघतात, अशी सगळ्या मुलांची खात्री होती. मग सर म्हणाले, "बत्तीस वर्षं मी स्वतःला बघत बसलो, मॅडम. मला वाटलं, माणूस स्वतःला नीट बघू लागला की झालं. त्या पोरीला स्वतःला बघायचं नव्हतंच. तिला हवं होतं, मी बघावं." डबा तसाच झाकून ते उठले. त्यांच्या खणातल्या पाठकोऱ्या कागदांवर त्यानंतर हात उमटला नाही. शनिवारचा तास मुलं चेंडू खेळून काढू लागली. पेटी शिपायाने चुन्याची पोती ठेवायला नेली.

पुढल्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, नारळ, भाषणं. हेडसर म्हणाले, बोरसे सरांनी मुलांना स्वतःच्या आत डोकावायला शिकवलं. मग दोन शिपाई आतून काचेची मोठी फ्रेम घेऊन आले. संस्थेने शहरातून मोठी करून, सोनेरी चौकट बसवून आणलेली. आखाजी. टाळ्या पडल्या. सगळ्यांना वाटलं होतं, सरांना आपल्या कामाची आठवण म्हणून ह्याहून चांगलं काय देणार? मला आधी माहीत होतं. फ्रेम आमच्याच खोलीत चार दिवस ठेवलेली होती. मी कुणाला काही म्हटलं नव्हतं. सरांनी दोन्ही हात पुढे करून ती घेतली. फोटोग्राफर म्हणाला, सर, जरा हसा. ते हसले नाहीत, पण फोटो निघाला.

एसटी स्टँडवर मी त्यांच्याबरोबर गेले. धुळ्याची बस लागलेली होती. फ्रेमवर नुसतं पातळ प्लॅस्टिक होतं, ते वाऱ्याने फडफडत होतं. म्हटलं, इथेच राहू द्या सर, मी पाठवते नंतर. त्यांनी मान हलवली. पायरीवर एक पाय ठेवून ते वळले. तो प्रश्न ते वर्षभर मनात घेऊन फिरत असणार. त्यांनी तो अगदी हळू विचारला, रागाचा लवलेश नव्हता.

"मॅडम, पेटी उघडली तेव्हा, ती बॅग तुम्हाला ओळखू आली होती का?"

कंडक्टर घंटी मारत होता. माझ्यामागे दोन बायका चढायला खोळंबल्या होत्या. बारा वर्षं ह्या माणसाने मला एकच गोष्ट शिकवली होती आणि त्याला ती माझ्याकडून एकदाच परत हवी होती.

"नाही, सर," मी म्हटलं. "तेवढं लक्ष गेलं नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. जेवणाआधी डब्याकडे बघायचे तसे, नीट, घाई न करता. मग म्हणाले, "बरं." आणि आत गेले.

त्यांना खिडकीची जागा मिळाली. पण खिडकीत ते बसले नाहीत. त्यांनी ती फ्रेम खिडकीशी उभी केली, चित्राची बाजू बाहेर, माझ्याकडे, आणि स्वतः पलीकडे बसले. बस वळून फाटकाबाहेर पडेपर्यंत मला सरांचा चेहरा दिसला नाही. निंब दिसत होता, आभाळात गेलेले पाय दिसत होते आणि फांदीवरच्या बॅगेच्या तीन सेफ्टी पिना, एक, दोन, तीन, इतक्या लांबूनही मला मोजता येत होत्या.